वाचकांचे प्रश्न : विषयवार अध्यापनाचे प्रमाणपत्र

एखादा विशिष्ट विषय कसा शिकवावा याचे प्रशिक्षण देणाऱ्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. प्रवेशाच्या तारखा आणि अर्जाचे नमुने विचारणाऱ्या पत्रांचा येथे विचार केलेला नाही; ती माहिती संबंधित संस्थेकडूनच घेतलेली बरी.

प्रश्न : गणितात माझी पदव्युत्तर पदवी झाली आहे आणि अध्यापनाची सर्वसाधारण पदवीही आहे. प्राथमिक गणिताच्या अध्यापनाचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र मी घ्यावे, असे आता शाळेने सुचवले आहे. जे गणित मला लहानपणापासून येते तेच पुन्हा शिकण्यात वेळ कशाला घालवायचा?

उत्तर : अभ्यासक्रम खरोखरच तेच गणित पुन्हा शिकवणार असेल, तर आपण तो करू नये. पण चांगल्या विषयवार अभ्यासक्रमाचे काम वेगळे असते. आपल्या पदव्युत्तर पदवीने आपल्याला गणित दिले. अध्यापनाच्या पदवीने पाठ टाचण, प्रश्न विचारण्याची पद्धत, फलकलेखन, वर्गव्यवस्थापन, मूल्यमापन या सर्व विषयांना लागू पडणाऱ्या गोष्टी दिल्या. या दोहोंच्या मधली जागा बहुतेकांच्या बाबतीत रिकामीच राहते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ली शुल्मन यांनी १९८६ साली याच रिकाम्या जागेकडे लक्ष वेधले. एकोणिसाव्या शतकात शिक्षकांच्या परीक्षा जवळजवळ संपूर्णपणे विषयज्ञानाच्या असत, पुढे त्या अध्यापनाच्या सर्वसाधारण कौशल्यांकडे झुकल्या, आणि विशिष्ट घटक शिकवताना कोणते उदाहरण घ्यावे, तो घटक मुलांना नेमका कुठे अडतो, मुले आधीपासून कोणती चुकीची कल्पना मनात घेऊन येतात, हे ज्ञान दोन्ही काळांत कोणी तपासलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडील प्रशिक्षणार्थी ज्याला आशययुक्त अध्यापन म्हणून ओळखतात त्याचा गाभा हाच आहे. दुर्दैवाने त्याचा एक पेपर होऊन बसतो आणि गाभा बाजूला राहतो.

पदवी आणि अशी समज यांचे नाते किती सैल असते, हे लिपिंग मा यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना पावणेदोनला अर्ध्याने भागायला आणि त्या भागाकाराला साजेसे शाब्दिक उदाहरण तयार करायला सांगण्यात आले. अमेरिकी शिक्षकांपैकी केवळ ९ जणांनी साडेतीन हे उत्तर पूर्णपणे बरोबर काढले आणि योग्य उदाहरण एकालाच रचता आले. चीनमधील सर्वांचे उत्तर बरोबर होते आणि बहुतेकांनी योग्य उदाहरणेही दिली. विशेष म्हणजे चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा काही वर्षांनी कमी होते. 'पावणेदोन मीटर फीत दोघींत सारखी वाटली' अशा धर्तीचे उदाहरण चटकन सुचते, पण तो भागाकार दोनने झाला, अर्ध्याने नव्हे. 'पावणेदोन मीटर फितीतून अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील' असे विचारले की साडेतीन हे उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे का येते, हे मुलाला डोळ्यांसमोर दिसते. गुणाकार व्यस्त घेऊन गुणण्याची रीत आपल्याला झोपेतही येत असेल. हे उदाहरण मात्र ऐन तासाला सुचेलच असे नाही.

आणखी एक नमुना जरा बारकाईने पाहू. तिसरी-चौथीतील एक मूल ४०३ वजा १७८ याचे उत्तर ३७५ लिहिते आणि दुसरे १३५ लिहिते. बरोबर उत्तर २२५ असल्याने दोन्ही वह्यांवर लाल फुली बसते, 'हातचे नीट कर' असा एकच शेरा पडतो आणि रीत फळ्यावर पुन्हा करून दाखवली जाते. वस्तुतः पहिल्या मुलाने काहीच विसरलेले नाही. प्रत्येक उभ्या रकान्यात लहान अंक मोठ्यातून वजा करायचा, असा नियम त्याने मनाशी बांधला आहे आणि तो इमानेइतबारे पाळला आहे. आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेले सात, चारातून एक गेला तीन. दुसऱ्या मुलाला सुटे करणे ठाऊक आहे, पण दशकाच्या जागी शून्य दिसताच ते त्याला ओलांडून थेट शतकाकडे जाते. एककासाठी एकदा आणि दशकासाठी पुन्हा एकदा असे चाराचे दोन करते, आणि शतक मोडले की आधी दहा दशक होतात व त्यांतला एक मोडून दहा एकक मिळतात, ही मधली पायरी त्याच्याकडून निसटते. पहिल्याला ४०३ ही एक अखंड संख्या आहे याची जाणीव करून द्यावी लागेल. दुसऱ्याच्या हाती दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या द्याव्या लागतील. अशा चुका बेशिस्त नसून पद्धतशीर असतात, हे जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ सालीच दाखवून दिले होते. शाळेने सुचवलेल्या अभ्यासक्रमात या प्रकारचे काम असेल, तर पदव्युत्तर पदवी असूनही आपल्याला तो उपयोगी पडेल. खरे तर पदवी असल्यामुळेच अधिक पडेल, कारण ज्याला विषय सहज आला त्याला तो कुठे अडतो हे सहसा आठवत नाही.

प्रश्न : दोन-तीन संस्थांची माहितीपत्रके माझ्यासमोर आहेत. सर्वांत 'अद्ययावत अध्यापनतंत्रे', 'तज्ज्ञ मार्गदर्शक', 'कृतियुक्त शिक्षण' हे शब्द आहेत. निवड कशाच्या आधारे करावी?

उत्तर : माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि संस्थेला एकच प्रश्न विचारा : अभ्यासक्रमाच्या काळात मी खऱ्या विद्यार्थ्यांना किती वेळा शिकवणार आणि ते कोण पाहणार? या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळाले तर पुढे बोलावे.

हे उत्तर कसे असू शकते, याचा चांगला दाखला इंग्रजी अध्यापनाच्या क्षेत्रात मिळतो. केंब्रिजचे 'सेल्टा' हे प्रमाणपत्र प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्यांत जगभर ओळखले जाते. त्यात किमान १२० तासांचे प्रशिक्षण असते, त्यांपैकी ६ तास प्रशिक्षणार्थीने प्रत्यक्ष शिकणाऱ्या माणसांना शिकवायचे असते, तेही किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांवरील गटांना, आणि प्रत्येक पाठाचे निरीक्षण करून त्यावर अभिप्राय दिला जातो. याशिवाय ६ तास अनुभवी शिक्षकांचे पाठ पाहण्यासाठी राखलेले असतात. ६ तास ऐकायला थोडे वाटतात, पण निरीक्षकासमोर शिकवलेला आणि नंतर सोलून काढलेला प्रत्येक पाऊण तास हा एरवीच्या कित्येक तासांपेक्षा अधिक काही शिकवून जातो. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या अशाच प्रमाणपत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार आवडते : प्रशिक्षणार्थीला अजिबात न येणारी एखादी भाषा काही तास विद्यार्थी म्हणून शिकावी लागते आणि त्या अनुभवाचे टिपण लिहावे लागते. बाकावर बसून काहीच न कळण्याचा अनुभव शिक्षकाला इतर कशाने मिळणार?

येथे सराव पाठांविषयी थोडे सांगणे भाग आहे. अनेक अभ्यासक्रमांत सराव पाठ म्हणजे सहप्रशिक्षणार्थींनाच विद्यार्थी मानून घेतलेले सूक्ष्म अध्यापन असते. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत विकसित केली ती एकेक कौशल्य सुटे करून, थोड्या वेळात, मोजक्या विद्यार्थ्यांसमोर घटवून घेण्यासाठी, आणि अभिप्रायानंतर तोच पाठ लगेच पुन्हा घेण्यासाठी. प्रश्न विचारणे, फळ्याचा वापर, समारोप अशी सर्वसाधारण कौशल्ये तिने चांगली बसतात. विषयवार प्रशिक्षणासाठी मात्र ती अपुरी ठरते, कारण पंचविशीतील सहकारी कितीही प्रामाणिकपणे 'विद्यार्थी' झाला तरी नऊ वर्षांच्या मुलाची खरी चूक तो करू शकत नाही. तो ३७५ लिहीत नाही. किंवा लिहिलेच तर आपण चूक करतो आहोत हे त्याला ठाऊक असते.

याच्या जोडीला संस्थेकडून आधीच्या तुकडीच्या एखाद्या गृहपाठाचा नमुना मागून पाहावा. 'अध्ययनाच्या उपपत्ती विशद करा' अशा स्वरूपाचे प्रश्न असतील तर विषयाचे नाव केवळ प्रमाणपत्रावर आहे असे समजावे. 'आपल्या वर्गातील पाच वह्या घ्या, त्यांतील चुकांचे गट पाडा, प्रत्येक गटासाठी पुढचा तास कसा असेल ते लिहा' असे काही असेल तर ती संस्था विषयापर्यंत पोहोचली आहे. मार्गदर्शकांनी तो विषय त्या वयाच्या मुलांना स्वतः शिकवला आहे का, हेही नि:संकोच विचारावे. पदनामे कितीही भारदस्त असली तरी या प्रश्नाचे उत्तर त्यांत मिळत नाही.

प्रश्न : दोन दिवसांच्या कार्यशाळेचेही प्रमाणपत्र मिळते आणि वर्षभराच्या अभ्यासक्रमाचेही. कालावधीने खरेच फरक पडतो का, की ते शुल्क वाढवण्याचे निमित्त?

उत्तर : फरक पडतो, मात्र सरळ प्रमाणात नाही. २००७ साली क्वांग सुक यून आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचा विद्यार्थ्यांच्या यशावर होणारा परिणाम तपासणाऱ्या १३०० हून अधिक अभ्यासांची छाननी केली. पुराव्याच्या कसोटीला उतरले केवळ ९. त्या ९ अभ्यासांत १४ तासांपर्यंतच्या प्रशिक्षणांचा विद्यार्थ्यांवर ठळक परिणाम दिसला नाही, आणि त्याहून अधिक तासांच्या प्रशिक्षणांचा दिसला. नऊ अभ्यासांवरून फार मोठी इमारत उभारू नये हे खरे, शिवाय ते सगळे प्राथमिक शिक्षकांचे होते. तरीही दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिक्षकाच्या हाती माहिती पडते, वर्गात बदल होत नाही, हा बहुतेकांचा अनुभव त्यांच्याशी जुळतो.

तासांच्या बेरजेपेक्षा ते तास कसे पसरले आहेत हे अधिक महत्त्वाचे आहे. सुट्टीतील सलग दहा दिवस आणि वर्षभर दर पंधरवड्याला एक दुपार, यांची बेरीज सारखी आली तरी दुसऱ्या रचनेत शिक्षक एक गोष्ट शिकतो, ती वर्गात करून पाहतो, फसलेले घेऊन परत येतो आणि विचारतो. पहिल्या रचनेत विचारायचे तेव्हा समोर कोणी नसते. कार्यशाळेला जरूर जावे, ओळखी होतात, साहित्य मिळते. पण तिच्या कागदाला अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राचे वजन देऊ नये.

प्रश्न : माझी पदवी जीवशास्त्राची आहे. शाळेत भौतिकशास्त्राचे शिक्षक नसल्याने गेली काही वर्षे आठवी ते दहावीचे भौतिकशास्त्र माझ्याकडेच आहे. पाठ्यपुस्तकातील गणिते सोडवून घेतो, निकालही वाईट नाही. तरी मनात धाकधूक असते. माझ्यासारख्याने अध्यापनाचा अभ्यासक्रम करावा की विषयाचा?

उत्तर : आपल्यासारखे शिक्षक जगभर आहेत, त्यामुळे संकोच बाळगण्याचे कारण नाही. आयर्लंडमध्ये २००९ साली झालेल्या एका पाहणीत माध्यमिक स्तरावर गणित शिकवणाऱ्यांपैकी ४८ टक्के जणांकडे गणित अध्यापनाची पात्रता नव्हती. ते विज्ञानाचे, वाणिज्याचे किंवा अन्य विषयांचे शिक्षक होते. त्यावर उपाय म्हणून २०१२ पासून लिमरिक विद्यापीठाच्या पुढाकाराने अशा कार्यरत शिक्षकांसाठी दोन वर्षांचा, नोकरी सांभाळून करता येणारा पदविका अभ्यासक्रम विनामूल्य सुरू करण्यात आला. त्याची रचना आपल्या प्रश्नाचे उत्तर देते : त्यात विद्यापीठ पातळीचे गणितही आहे आणि गणिताचे अध्यापनशास्त्रही. म्हणजे 'हे की ते' असा पर्याय तेथे ठेवलेलाच नाही. इंग्लंडमध्ये शिक्षक-प्रशिक्षणाला प्रवेश घेण्यापूर्वी ज्यांना विषय पक्का करायचा आहे त्यांच्यासाठी ८ ते २८ आठवड्यांचे निव्वळ विषयज्ञानाचे अभ्यासक्रम चालवले गेले; तेही उपयोगी होते, पण ते प्रशिक्षणाआधीचे होते, प्रशिक्षणाऐवजी नव्हते.

आपली स्थिती नेमकी काय आहे हे ठरवण्यासाठी पाठ्यपुस्तकातील गणिते उपयोगी पडणार नाहीत, कारण सूत्रात किमती घालून बरोबर उत्तर काढणारा माणूस मुळातील कल्पनेत चुकत असू शकतो. स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा. चेंडू सरळ वर फेकला आहे, हातातून सुटला आहे आणि अजून वर जातो आहे. हवेचा अडथळा सोडून दिल्यास या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करत आहेत? केवळ गुरुत्वाकर्षण, हे बरोबर उत्तर. हाताने दिलेले वरच्या दिशेचे बल अजून त्याच्यात आहे आणि ते हळूहळू कमी होत आहे, असे मनातून वाटत असेल तर आपण अगदी बहुसंख्यांबरोबर आहात. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली 'फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी तयार केली ती असेच समज उघडे पाडण्यासाठी. तीत आकडेमोड नाही, साध्या भाषेतील प्रसंग आहेत आणि प्रत्येक चुकीचा पर्याय हा लोकांच्या मनात खरोखर असलेला समज आहे. गणिते फडाफडा सोडवणारे विद्यार्थीही तीत अडखळतात, असे पुढे अनेक ठिकाणी आढळले.

मग असे प्रश्न स्वतःला बरोबर सोडवता आले की काम भागते का? नाही. २०१३ साली फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील उच्च प्राथमिक स्तरावर भौतिक विज्ञान शिकवणाऱ्या १८१ शिक्षकांना त्यांच्याच विद्यार्थ्यांची चाचणी दिली आणि प्रत्येक प्रश्नापुढे दोन उत्तरे मागितली : बरोबर कोणते, आणि विद्यार्थी सर्वाधिक निवडतील असे चुकीचे कोणते. ज्या प्रश्नांत एखादा चुकीचा समज फार प्रबळ होता, त्या प्रश्नांत केवळ बरोबर उत्तर जाणणाऱ्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची प्रगती बेताचीच राहिली. ज्या शिक्षकांना दोन्ही ठाऊक होते त्यांच्या विद्यार्थ्यांची अधिक झाली. या संशोधनातील प्रश्नांची ही दोन-उत्तरी पद्धत आपण स्वतःसाठीही वापरू शकता. एखाद्या घटकाच्या दहा प्रश्नांपुढे मुले कोणते चुकीचे उत्तर देतील ते आधी लिहून ठेवावे आणि मग वर्गाची चाचणी घ्यावी. बरोबर उत्तरांतच आपण अडत असाल तर आधी विषयाचा अभ्यासक्रम करा, तोही शालेय पातळीच्या एक पायरी वरचा. उत्तरे येतात पण मुलांच्या चुकांचा अंदाज फसतो, असे असेल तर अध्यापनाच्या प्रमाणपत्राकडे वळा. आपल्या पत्रातील धाकधुकीवरून मला पहिला पर्याय अधिक संभवनीय वाटतो. निकाल वाईट नसणे ही चांगली गोष्ट आहे, परंतु ज्या परीक्षेत सूत्रे घातली की गुण मिळतात त्या परीक्षेच्या निकालावरून याबाबत काही ठरवू नये.

प्रश्न : असे अभ्यासक्रम गणित, विज्ञान आणि इंग्रजीपुरतेच आहेत का? आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना 'गोष्टीरूप सांगा, नाट्यीकरण करा, तक्ते लावा' यापलीकडे कोणी काही सांगत नाही.

उत्तर : आपली तक्रार खरी आहे. अभ्यासक्रम प्रामुख्याने त्या तीन विषयांचेच निघतात, कारण शिक्षकांची टंचाई आणि परीक्षांचे दडपण तेथे अधिक असते. इतिहास कसा शिकवावा यावर संशोधन झालेले नाही, असे मात्र नाही. सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ इतिहासकारांना आणि ८ हुशार शालेय विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या इतिहासातील १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीविषयीची कागदपत्रे मोठ्याने विचार बोलत वाचायला दिली. विद्यार्थी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत गेले. इतिहासकारांची नजर मात्र आधी तळाशी गेली : हे कोणी लिहिले, कधी, कोणासाठी? कागदपत्रांत पाठ्यपुस्तकातील एक उताराही होता. विद्यार्थ्यांनी तो सर्वाधिक विश्वसनीय मानला, इतिहासकारांनी त्याला बरेच खालचे स्थान दिले. या इतिहासकारांपैकी काहींचा तो कालखंड अभ्यासाचा विषयही नव्हता, तरी वाचण्याची रीत तीच होती.

तेव्हा इतिहास-अध्यापनाच्या अभ्यासक्रमात हे असायला हवे : एकाच घटनेविषयी परस्परविरोधी सांगणारी दोन लहान साधने निवडणे, ती तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना वाचता येतील अशी सोपी करणे पण त्यांचा अर्थ न बदलणे, आणि 'दोघांतले खरे कोण' या मुलांच्या पहिल्या प्रश्नाला 'दोघांना काय दिसले असेल' या प्रश्नाकडे वळवणे. साधन सोपे करण्याचे काम फार कठीण आहे. त्यासाठी स्वतंत्र सराव लागतो. नाट्यीकरणाला माझा विरोध नाही, पण ते भाषेच्या तासालाही चालते. ज्या अभ्यासक्रमातील प्रत्येक सूचना विषयाचे नाव बदलून दुसरीकडे जशीच्या तशी लागू पडते, तो विषयवार अभ्यासक्रम नव्हे. भूगोलासाठी आणि कलाविषयांसाठी विचारणाऱ्या वाचकांनीही हीच कसोटी लावावी.

प्रश्न : संपूर्ण ऑनलाइन प्रमाणपत्र विश्वासार्ह मानावे का? माझ्या गावाहून कोणतीही संस्था जवळ नाही.

उत्तर : माध्यमापेक्षा त्यातून काय केले जाते ते पाहावे. ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकून शेवटी बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतील, तर तो वाचनाचा पर्याय आहे, प्रशिक्षणाचा नाही. याउलट आपल्या स्वतःच्या वर्गाचे चित्रण पाठवून त्यावर चर्चा होत असेल, तर अंतर फारसे आड येत नाही. अमेरिकेतील 'नॅशनल बोर्ड' ही १९८७ साली स्थापन झालेली संस्था विषय आणि वयोगट यांनुसार २५ प्रकारची प्रमाणपत्रे देते. त्यांच्या मूल्यमापनात विषयज्ञानाच्या परीक्षेबरोबर शिक्षकाच्या वर्गाचे चित्रण, विद्यार्थ्यांच्या लेखी कामाचे नमुने आणि त्यांवरील शिक्षकाचे विश्लेषण द्यावे लागते. येथे परीक्षक वर्गात येत नाही, वर्गच परीक्षकाकडे जातो.

चित्रण पाहण्याचा उपयोग किती होतो, याविषयी विज्ञानाच्या शिक्षकांबाबत चांगला पुरावा आहे. कोलोरॅडो राज्यात चौथी-पाचवीच्या शिक्षकांच्या एका गटाने तज्ज्ञांकडून केवळ विज्ञानातील आशय अधिक खोलात शिकून घेतला. दुसऱ्या गटाने तेवढ्याच तासांत आशयाच्या जोडीने पाठांच्या चित्रणांचे विश्लेषण केले, मुले काय बोलत आहेत आणि त्यातून त्यांच्या मनातील कोणती कल्पना दिसते यावर काम केले. दुसऱ्या गटाच्या विद्यार्थ्यांची प्रगती अधिक झाली. आपल्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना : मोबाइल खिडकीत किंवा कपाटावर, मुलांच्या बाजूला तोंड करून ठेवा. बहुतेक शिक्षक स्वतःचे चित्रण करतात आणि मग आपल्या हातवाऱ्यांकडे पाहत बसतात. पालकांची आणि शाळेची लेखी परवानगी मात्र आधी घ्या, आणि चित्रण अभ्यासक्रमाबाहेर कोठेही पाठवू नका.

प्रश्न : असे प्रमाणपत्र असल्यास अध्यापनाची पदवी नसली तरी शिक्षक म्हणून नेमणूक मिळू शकते का?

उत्तर : प्रमाणपत्र हे सहसा पात्रतेत भर घालते, पात्रतेची जागा घेत नाही. नेमणूक आणि वेतनवाढ यांचे नियम नेमणूक करणाऱ्या यंत्रणेचे असतात, अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेचे नव्हेत. म्हणून समकक्षतेचा शब्द संस्थेकडून न घेता त्या यंत्रणेकडून, लेखी आणि शुल्क भरण्यापूर्वी घ्यावा.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. गेल्या वर्षी एका शिक्षिकेला गणित-अध्यापनाच्या प्रमाणपत्रासाठी पाठवले. परत आल्यावर त्यांनी सर्वांसमोर उत्तम सादरीकरण केले, पण शाळेत बाकी काही बदलले नाही. चूक कोठे झाली?

उत्तर : सादरीकरणात. वर्षभर हळूहळू जे हाताला लागले ते चाळीस मिनिटांत सहकाऱ्यांना सांगायला लावले की ऐकणाऱ्यांच्या हाती पुन्हा दोन दिवसांच्या कार्यशाळेइतकेच, किंबहुना त्याहूनही कमी येते. त्याऐवजी त्यांचा एक तास खुला करा. जपानमधील शाळांत पाठाचा सामूहिक अभ्यास करण्याची जुनी परंपरा आहे. शिक्षकांचा एक गट एकाच पाठाचे टाचण मिळून तयार करतो, मुले कोणकोणती उत्तरे देतील ते त्यात आधीच लिहितो, एकजण तो पाठ घेतो आणि उरलेले मुलांच्या वह्यांकडे पाहत उभे राहतात. तास संपल्यावर चर्चा होते ती पाठाची, शिक्षकाची नव्हे, आणि बऱ्याचदा तोच पाठ सुधारून दुसऱ्या तुकडीवर घेतला जातो. यासाठी लागतात ते वेळापत्रकातले तास, आणि ते केवळ मुख्याध्यापकच देऊ शकतात. संबंधित शिक्षिकेचे आठवड्याचे दोन तास कमी करून ते या कामाला द्या, आणि गणित शिकवणाऱ्या दुसऱ्या एका शिक्षकाला त्याच वेळी मोकळे ठेवा.

पुढील वर्षी पुन्हा कोणाला पाठवायचे असेल तर वेगवेगळ्या विषयांचे चार शिक्षक चार अभ्यासक्रमांना धाडण्याचा मोह टाळावा. गणिताच्याच दुसऱ्या शिक्षकाला त्याच अभ्यासक्रमाला पाठवले, तर ३७५ लिहिणाऱ्या मुलाविषयी शाळेत बोलायला दोघे होतील. कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. ज्या इयत्तेच्या दोन तुकड्या आहेत तिच्यापासून करावी, म्हणजे सुधारलेला पाठ त्याच आठवड्यात दुसऱ्या तुकडीवर घेता येईल.